बेदाण्याच्या द्रावणाची ताकद : पीएच कागदावर विसंबू नका

अथणी तालुक्याच्या पूर्वेला, जत आणि विजयपूरच्या हद्दीकडं, फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याची शेडं चालतात. द्राक्षं वाळत घालण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात, त्याचं प्रमाण सगळ्यांना तोंडपाठ असतं : एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. 200 लिटरला 5 किलो पावडर आणि 3 लिटर तेल. हा गुणाकार सोपा आहे. खरा हिशोब दुपारनंतर लागतो. सकाळपासून क्रेटमागून क्रेट बुडवून झाल्यावर बॅरलात किती ताकद उरली, हे कुणी मोजत नाही. ताकद कमी पडली की मण्यावरच्या मेणाच्या थरातून पाणी लवकर निघत नाही, वाळायला वेळ लागतो आणि हिरवा बेदाणा तपकिरी पडतो.

सुरुवात मापापासून. 200 लिटरचा म्हणून मिळणारा बॅरल काठोकाठ भरला तर त्यात 200 च्या वर पाणी बसतं. मी 20 लिटरचं माप दहा वेळा ओतून आतून पक्क्या रंगाची रेघ मारून ठेवतो. तेल किलोवर घेतलं असेल तर आणखी एक घोळ होतो. इथाइल ओलिएटची घनता 0.87 च्या आसपास आहे, म्हणजे 3 लिटर तेल 2.6 किलोच भरतं. 15 ग्रॅम आणि 15 मिली इथं सारखे नाहीत.

पावडर हवेतली ओल खेचते. पोतं उघडं राहून तिनं वजनाच्या 10 टक्के पाणी घेतलं असेल तर 5 किलोत 4.5 किलोच कार्बोनेट, म्हणजे लिटरला 22.5 ग्रॅम. काही माल मुळातच पाण्याचे रेणू धरलेला असतो, त्यात कार्बोनेट 84 टक्क्यांच्या आत. अशा मालाचे 25 नव्हे, 30 ग्रॅम लागतात.

आता पीएच, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा किती अल्कली आहे याचं माप. रंग बदलणाऱ्या पीएच कागदावर 11 दिसला की द्रावण ठीक, असं शेडवर धरून चालतात. पीएच घातांकाच्या मापात असतो. कार्बोनेटची ताकद निम्म्यावर आली तरी तो जेमतेम 0.15 नं उतरतो, आणि एवढा फरक कागदाला कळत नाही. फुटलेल्या मण्यांचा आंबट रस फार मिसळला तर कागद ते सांगेल. ताकद मात्र सांगणार नाही.

म्हणून मी टायट्रेशन करतो, म्हणजे ठरावीक ताकदीचं आम्ल किती मिली लागलं त्यावरून कार्बोनेट मोजतो. सामान थोडंच लागतं : 50 मिलीचा ब्युरेट (आम्ल थेंबथेंब सोडायची खुणांची नळी), 10 मिलीचा पिपेट (द्रावण मोजून उचलायची नळी), 0.1 नॉर्मल ताकदीचं हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि फिनॉल्फ्थॅलिन व मिथिल ऑरेंज हे रंग बदलणारे दोन दर्शक. आम्ल तयार विकत घ्यावं. घरी पातळ करायचं तर आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि नंतर त्याची ताकद तपासायची : कोरड्या शुद्ध सोडियम कार्बोनेटचे 0.106 ग्रॅम संपायला बरोबर 20 मिली लागले पाहिजेत.

बॅरल ढवळून 10 मिली द्रावण घ्यावं आणि दुधाळपणा कमी व्हावा म्हणून त्यात 50 मिली डिस्टिल्ड वॉटर घालावं. इथं बोअरचं पाणी अजिबात नको. आमच्या भागातल्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतं. त्याची क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला 400 मिलिग्रॅम असेल तर तेवढ्या 50 मिलीनं आम्लाचा एकूण आकडा 4 मिलीनं फुगतो. मग फिनॉल्फ्थॅलिन घालून गुलाबी रंग जाईपर्यंत आम्ल सोडायचं, तो पहिला आकडा. त्यातच मिथिल ऑरेंज घालून पिवळ्याचं नारिंगी होईपर्यंत आणखी सोडायचं, सुरुवातीपासून लागलेलं सगळं आम्ल हा एकूण आकडा. 25 ग्रॅमच्या ताज्या द्रावणाला पहिला 18 आणि एकूण 36 मिली येतो. ताज्यालाच एकूण 30 आला तर पावडर पाणी धरलेली आहे.

हिशोब असा : पहिल्या आकड्याची दुप्पट गुणिले 0.69, म्हणजे लिटरला कार्बोनेटचे ग्रॅम. एकूण आकड्यावरून हिशोब करू नये, कारण रसातल्या आम्लानं कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालं तरी ते एकूण आकड्यात मोजलं जातं. पहिला 10 आणि एकूण 30 असेल तर कामाचं कार्बोनेट 13.8 ग्रॅमच आहे, 20.7 नाही.

भर घालताना बहुतेक जण चुकतात. समजा बॅरलात 150 लिटर उरलं आणि पहिला आकडा 15 आला, म्हणजे लिटरला 20.7 ग्रॅम, एकूण 3.1 किलो. 200 लिटरला 5 किलो हवेत, म्हणून 50 लिटर पाण्याबरोबर 1.9 किलो पावडर घालायची. नव्या 50 लिटरचे म्हणून 1.25 किलोच घातले तर ताकद 21.8 वर अडकते. ती घटते मुख्यतः धुतलेल्या द्राक्षांबरोबर येणाऱ्या पाण्यानं. 200 लिटरपैकी 20 लिटर द्रावण घडांबरोबर गेलं आणि तेवढंच पाणी आत आलं, तर 25 चे 22.5 होतात. म्हणून क्रेट बुडवण्याआधी चांगले निथळू द्यावेत. जड पाण्याची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. 500 मिलिग्रॅम कठीणपणा लिटरमागे 0.7 ग्रॅमच कार्बोनेट खातो. त्रास होतो तो तळाशी बसणाऱ्या चुन्याच्या साक्याचा.

तेलाची ताकद या तपासणीत कळत नाही. तेल मण्यांना चिकटून जातं आणि द्रावण उभं राहिलं की वर येतं. पावडर पूर्ण विरघळल्यावरच तेल बारीक धारेनं, ढवळत घालावं आणि दर काही क्रेटनंतर तळापासून ढवळावं. भर घालताना नव्या पाण्याला लिटरमागे 15 मिली धरतो. पहिला आकडा एकूण आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याखाली गेला की भर घालत बसत नाही, बॅरल रिकामा करून धुतो आणि नवं द्रावण करतो.