दोन स्पेक्ट्रम, मध्ये लॅपटॉप: रॉमची चाचणी पास

कॅसेटवर आवाजाच्या रूपात प्रोग्रॅम साठवणाऱ्या जुन्या घरगुती संगणकावरून, म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के वरून, लॅपटॉपवर आणि तिथून त्याच्याच घराण्यातल्या स्पेक्ट्रम प्लसवर १६३८४ बाइट एकही चूक न होता पोचले. आता खऱ्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवून घ्यायला हरकत नाही.

चाचणीला गेम नको. दोन्ही मशिनांत रॉम (कायमची कोरलेली मेमरी) तीच असते, म्हणून पहिल्यावर सेव्ह "आर" कोड ०,१६३८४ आणि दुसऱ्यावर व्हेरिफाय "" कोड ही आज्ञा द्यायची. आलेला प्रत्येक बाइट दुसरं मशीन स्वतःच्या रॉमशी ताडून बघतं, मेमरीत काहीच लिहीत नाही. स्क्रीन$ (पडद्यावरचं चित्र) सेव्ह करून हे जमत नाही: व्हेरिफाय करताना फाइलचं नाव पडद्यावर उमटतं, पडदाच बदलतो आणि एरर ठरलेली.

सेव्ह करताना फक्त माइकची (आवाज बाहेर देणाऱ्या सॉकेटची) केबल लावा, इअरची (आवाज आत घेणाऱ्याची) काढून ठेवा. रेकॉर्डिंग वेव्ह, मोनो, ४४१०० हर्ट्झ. शून्याची एक पल्स ८५५ टी-स्टेट्सची (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांची), म्हणजे या दराला जेमतेम ११ सॅम्पल, एकची दुप्पट. हा फरक पुसट झाला की सगळं संपलं, त्यामुळे एमपीथ्री नकोच. लॅपटॉपचं नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन आधी बंद करा. सुरुवातीचा पाच सेकंदांचा सलग सूर त्याला गोंगाट वाटतो आणि तो दाबून टाकतो. मग हेडरच (फाइलची माहिती देणारा पहिला तुकडा) सापडत नाही.

उलट दिशेला स्टीरिओ पिन थेट इअरमध्ये खुपसू नका. तिथलं सॉकेट मोनो आहे, उजवा चॅनल ग्राउंडला शॉर्ट होतो. स्टीरिओ-मोनो केबल घ्या, इक्वलायझर बंद, आवाज जवळपास पूर्ण. सुरुवातीच्या सुराच्या वेळी पडद्याच्या बॉर्डरवर लाल-आकाशी पट्टे सारख्या रुंदीचे आणि स्थिर दिसले पाहिजेत. पट्टे न येता अख्खी बॉर्डरच आलटूनपालटून लाल-आकाशी होत असेल, तर सिग्नल पोचतच नाही.

'आर टेप लोडिंग एरर' आली तर घड्याळ बघा. व्हेरिफाय पहिल्या चुकीच्या बाइटलाच थांबतं, लोड मात्र नुसता चुकलेला बिट शेवटच्या चेकसमपर्यंत (ताळा पाहणाऱ्या बाइटपर्यंत) पकडत नाही. तीच वेव्ह तीनदा वाजवा. दर वेळी त्याच सेकंदाला अडली तर रेकॉर्डिंग खराब, पुन्हा सेव्ह करा. जागा बदलत राहिली तर दोष वाजवण्याच्या बाजूला: आवाज, सैल जॅक किंवा मध्येच वाजलेलं नोटिफिकेशन. एवढ्या एका खुणेनं निम्मी शोधाशोध वाचते.

पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस ज्यांच्या माळ्यावर असेल, त्यांनी ही चाचणी लावण्याआधी रॉम तीच आहे ना हे बघायला दोन्ही मशिनांवर पीकनं (मेमरीतला बाइट वाचणाऱ्या आज्ञेनं) ० ते १६३८३ या जागांवरच्या बाइटांची बेरीज करून पाहावी. बेरीज जुळली नाही तर सेव्ह आणि व्हेरिफाय दोन्ही एकाच मशीनवर करावं.