तय्यबजी का दावर?

सीनियर दुसऱ्या कोर्टात पार्ट हर्ड (अर्धवट सुनावणी झालेल्या) मॅटरमध्ये अडकलेले, त्यांचा फोन आला की पुकारा झाला तर तूच चालव, आणि माझ्या हातात बेलची, म्हणजे जामिनाची फाईल. अशील अकाउंटंट, आरोप फसवणुकीचा, चार्जशीटमध्ये लेजरची पानंच हजारभर. आदल्या दिवशी जेलमध्ये मुलाकतीला गेलो तर तो जाळीपलीकडून एन्ट्री नंबर ओरडून सांगतोय, बाजूला सगळ्यांचा गलका, मी चिठ्ठीच्या मागे खरडतोय. घरी येऊन बघितलं तर एक आकडा 6 आहे का 8 तेच कळेना.

त्या रात्री बद्रुद्दीन तय्यबजी वाचत बसलो होतो. माणूस बघा, 1867 ला बॅरिस्टर, 1887 ला मद्रासच्या काँग्रेसचा अध्यक्ष, 1895 ला मुंबई हायकोर्टाचा जज. 1897 साली टिळकांना राजद्रोहात पकडलं तेव्हा मॅजिस्ट्रेटने बेल नाकारली, हायकोर्टात पार्सन्स आणि रानड्यांनीही नाकारली, मग 4 ऑगस्टला अर्ज तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी दिली. कारण एकदम साधं, आरोपी आत राहिला तर वकिलाला केस नीट समजावून सांगणार कसा, आणि उद्या निर्दोष सुटला तर आत काढलेल्या दिवसांचं काय. मला वाटलं अरे, हे तर आपलंच ग्राउंड!

पीपींचा, म्हणजे सरकारी वकिलांचा 'से' (लेखी म्हणणं) वाचून झाला, पुरावा नष्ट करेल, पळून जाईल वगैरे नेहमीचंच, आणि मी सरळ तय्यबजींवर उडी मारली.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, तुमचा अशील टिळक नाही."

"नाही सर, पण जाळी तीच आहे." हे बोललो आणि घसा कोरडा पडला.

"बरं. तेव्हा टिळकांतर्फे कोण उभं होतं?"

"दावर, सर."

"आणि 1908 ला दावर स्वतः जज, समोर परत टिळक, बेल मागायला जीना. काय झालं?"

"नाकारली सर." (पुढे 22 जुलैला सहा वर्षंही दावरांनीच दिली, ते मी गिळलं. आपल्या पायावर धोंडा कशाला.)

"मग मी आज कोण, तय्यबजी का दावर?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं, बहुतेक पीपींचा ज्युनियर. मला काहीच सुचेना, शेवटी फाईलमधली ती चिठ्ठी काढून शिरस्तेदारांकडे दिली. "सर, हा सहा आहे का आठ एवढं सांगा. मला माझ्याच अशिलाला विचारता येत नाहीये."

त्यांनी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली, परत लांब. काही बोलले नाहीत, सरळ स्टेनोला डिक्टेशन सुरू केलं. बेल मंजूर, पासपोर्ट जमा, दर सोमवारी पोलीस स्टेशनला हजेरी.

जामीनदाराच्या कागदांत अजून चार दिवस गेले. सुटल्यावर अशील ऑफिसात आला, चहा घ्यायच्या आधी मी चिठ्ठीच पुढे केली.

"साहेब," तो म्हणाला, "हा तीन आहे."