तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या रेसिंग गाडीचा रेक-ट्रेल किती ठेवायचा?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. 1960-70 च्या दशकांतली रेसिंग मोटरसायकल बांधून तयार आहे, इंजिन सुरेख चालतंय, पण गाडी वळणात शिरायला कुरकुरते किंवा वेगात हेलकावते. मग रेक किती अंश ठेवू, ट्रेल किती मिलिमीटर? (रेक म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष उभ्या रेषेपासून मागे किती झुकलाय तो कोन; ट्रेल म्हणजे तो अक्ष जमिनीला मिळतो तिथून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर.) माझं उत्तर आधी एक उलट प्रश्न असतो: आत्ता तो किती आहे? यावर बहुधा शांतता पसरते. जुन्या गाडीत रेक-ट्रेल हा कुठला स्क्रू फिरवून लावायचा आकडा नाही. टायरची उंची, शॉकअपची लांबी, फोर्क टीमध्ये (फोर्कचे दोन्ही पाइप धरणाऱ्या वरच्या-खालच्या पकडींमध्ये) किती वर सरकवलाय, स्प्रिंग किती बसते, या सगळ्यांतून तो उरतो. आणि चासी सरळ नसेल तर त्या आकड्याला अर्थच राहत नाही.

नॉर्टनच्या फेदरबेडचं उदाहरण घ्या. रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस या भावांनी घडवलेली ही चासी 1950 मध्ये रेसमध्ये उतरली आणि त्याच वर्षी जेफ ड्यूकने आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत तिच्यावर जिंकली. लोक आजही तिचा रेक विचारतात. तिचं खरं बळ होतं ते हेडपाशी (स्टिअरिंग बसतं त्या नळीपाशी) एकमेकींना ओलांडून जोडलेल्या नळ्यांमध्ये आणि भक्कम चिमट्यामध्ये (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममध्ये). मार पडला तरी दोन्ही चाकं एकाच पातळीत राहायची. तुमच्या गाडीतही पहिलं काम तेच.

पहिल्यांदा अलाइनमेंट. चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर कधीच विसंबू नका. चिमट्याच्या पिव्हटच्या (तो ज्याभोवती वर-खाली हलतो त्या सांध्याच्या) मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा आणि चाक सरळ करा. मग सरळपणाची खात्री असलेल्या, दोन-दोन मीटर लांब अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या घ्या. गाडी उभी, सरळ. नळ्या मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना, एक्सलच्या थोड्या खाली, टायरला पुढे-मागे दोन जागी टेकवा. पुढचा टायर अरुंद असतो, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना फट राहील. हँडल असं धरा की पुढच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेला फट सारखी येईल. आता डावी आणि उजवी फट ताडून पाहा. फरक असूनही चाकं समांतर असतील, तर चाक नुसतं बाजूला सरकलंय: स्पेसर चुकीचा आहे किंवा तारा ओढताना रिम मध्यावर बसलेली नाही. असा एक-दोन मिमीचा फरक रायडरला सहसा कळत नाही. कळतो तो पीळ. अंश दाखवणारं डिजिटल मापक आधी मागच्या रिमला उभं लावा, मग हँडल सरळ ठेवून पुढच्या रिमला. दोन आकड्यांत 0.3 अंशापेक्षा जास्त तफावत आली तर मी पुढचं सगळं काम थांबवतो. चासी, चिमटा किंवा फोर्क यांपैकी काहीतरी पिळलेलं आहे.

फोर्क तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पाइप व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा आणि पाइप सावकाश फिरवा. सुई एकूण 0.2 मिमी फिरली तर वाक त्याच्या निम्मा, म्हणजे 0.1 मिमी. रेसच्या गाडीत मी याच्या पलीकडे जात नाही. पाइप सरळ असूनही फोर्क पिळलेला असू शकतो, कारण पडताना वरची आणि खालची टी एकमेकींवर फिरतात. त्यासाठी पाच-सहा मिमी जाडीची काच दोन्ही पाइपांवर आडवी टेकवा. चारही कोपरे टेकले तर ठीक. एक कोपरा डुगडुगला तर टीचे बोल्ट सैल करून पाइप एका पातळीत आणा. आणलं तरीही डुगडुगत असेल तर टीच वाकलीय.

बसवतानाचा क्रम महत्त्वाचा, आणि इथेच पुष्कळ जण घाई करतात. एक्सल पूर्ण आवळा, पण फोर्कच्या ज्या पायाच्या तळाशी एक्सल पकडणारा बोल्ट आहे तो बोल्ट सैल राहू द्या. पुढचा ब्रेक दाबून फोर्क पाच-सहा वेळा दाबा-सोडा, म्हणजे पाय आपली नैसर्गिक जागा घेतात. मगच तो बोल्ट आवळा. उलटा क्रम केला तर दोन्ही पाय आत किंवा बाहेर ताणलेले राहतात आणि फोर्क अडखळतो. मग त्या अडखळण्यालाच स्प्रिंग कडक आहे असं समजून लोक स्प्रिंग बदलतात.

कोनसेटचंही (हेडमधल्या स्टिअरिंगच्या बेअरिंगचंही) तसंच. सुट्या गोळ्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग टाकणं चांगलंच, पण त्याची उंची मूळ सेटपेक्षा वेगळी असू शकते. टी खाली-वर सरकली तर भूमितीही सरकते. बेअरिंगचा ताण लावताना खालच्या टीचे बोल्ट सैल हवेत, नाहीतर वरची टी पाइपांवर अडकून राहते आणि नटचा जोर बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. वरचा मोठा नट आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण आट्यांमधली ढिलाई संपून ताण बदललेला असतो. पुढचं चाक हवेत, स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर दाबणारं उपकरण) काढलेला, केबली मोकळ्या: हँडल मध्यापासून हलकंसं ढकललं की आपणहून टोकाला जायला हवं. मध्ये थबकलं तर बेअरिंगला मध्यावर खड्डे पडलेत. जडपणे गेलं तर जास्त आवळलंय, आणि जास्त आवळलेली गाडी सरळ रस्त्यावरही हळू हळू डावी-उजवी भरकटते, कारण चाकाला स्वतःला सावरता येत नाही.

आता चिमटा. शॉकअप आणि चेन काढून तो स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा, पण टोकाला धरून आडवा हलवला तर काहीही जाणवता कामा नये. बुश एकमेकांपासून 200 मिमीवर आणि चिमटा 450 मिमी लांब असेल, तर पिव्हटपाशी 0.1 मिमीची ढिलाई एक्सलपाशी दुपटीहून जास्त होते, शिवाय चाक तिरकं होतं ते वेगळंच. रबरी बुश असलेल्या चिमट्यात रेससाठी ब्राँझचे बुश बसवावेत. ते दाबून बसवले की आतून आवळतात, म्हणून रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) दोन्ही बुशांतून एकाच रेषेत चालवायचा. एकेक वेगळा केला तर स्पिंडल अडकतो. नॉर्टन कमांडोसारख्या गाडीत चिमटा रबरी आयसोलॅस्टिक माउंटवर तरंगणाऱ्या इंजिन-क्रेडलला जोडलेला आहे. तिथे बाजूची फट सुमारे 0.25 मिमी ठेवतात. ती वाढली की वेगवान वळणात मागचा भाग स्वतःच गाडी चालवू लागतो.

इथे दोन रोग वेगळे ओळखायला शिका, कारण औषधं उलटी आहेत. हँडल झरझर थरथरतं, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा: तो वॉबल. मूळ पुढे असतं: कोनसेट, चाकाचा आउट (फिरताना डुलणं) किंवा बॅलन्स, टायर. दुसऱ्यात अख्खी गाडी सापासारखी हेलकावते, सेकंदाला दोन ते चार वेळा, बहुधा जास्त वेगात: तो वीव्ह. त्याचं मूळ मागे शोधा: चिमट्याचे बुश, थकलेले शॉकअप, मागचा टायर. स्टिअरिंग डॅम्पर आवळला की वॉबल दबतो, पण वीव्ह वाढू शकतो. हेलकावणाऱ्या गाडीचा डॅम्पर आणखी आवळणं ही मला सर्वांत धोकादायक चूक वाटते.

एवढं सगळं नीट असेल तर आकड्यांकडे वळू. रायडर कपडे-हेल्मेटसह बसलेला, टायरमध्ये रेसची हवा, जमीन सपाट. फोर्कच्या पाइपला मापक लावून रेक घ्या. हे तेव्हाच बरोबर, जेव्हा पाइप आणि स्टेम (हेडमध्ये फिरणारा दांडा) समांतर असतील. काही टीमध्ये ते मुद्दाम तिरके असतात. एक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे चाकाची खरी त्रिज्या. स्टेमच्या मध्यरेषेपासून पाइपांच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर म्हणजे ऑफसेट. एक्सल पाइपाच्या पुढे असेल तर तेवढं त्यात मिळवा. मग त्रिज्येला रेकच्या साइनने गुणा, ऑफसेट वजा करा आणि उरलेल्याला रेकच्या कोसाइनने भागा. त्रिज्या 310 मिमी, रेक 27 अंश, ऑफसेट 60 मिमी धरला तर ट्रेल सुमारे 91 मिमी येतो. अठरा इंची चाकांच्या जुन्या रेसिंग गाडीसाठी ही सुरुवात करायला समंजस जागा आहे.

याच गाडीत कोणी पुढे सतरा इंची चाक टाकलं आणि त्रिज्या 300 मिमी झाली, मागे मात्र काहीच बदललं नाही, तर नाक दहा मिमी खाली येतं. 1350 मिमीच्या व्हीलबेसवर (दोन एक्सलांमधल्या अंतरावर) रेक सुमारे 0.4 अंश कमी होतो आणि ट्रेल 91 वरून 83 वर येतो. चाक बदललं एवढंच मालकाला ठाऊक असतं. गाडी "अचानक नर्व्हस झाली" ती याच्यामुळे. ऑफसेट कमी करून ट्रेल परत मिळवता येतो: दर 5 मिमीमागे साडेपाच मिमीच्या आसपास.

फोर्क टीमध्ये 10 मिमी वर सरकवला तरी रेक 0.4 अंशच कमी होतो, ट्रेल अडीच-तीन मिमी. मागचं टोक 10 मिमी उचललं तरी जवळपास तेवढाच फरक. म्हणून दोन्ही सारखेच, असं नव्हे. नाक खाली नेलं की एक्झॉस्ट आणि फूटरेस्ट जमिनीला लवकर टेकतात, आणि फोर्क पूर्ण दाबला गेल्यावर टायर खालच्या टीला लागतो का हेही पाहावं लागतं. स्प्रिंगा काढून फोर्क तळाला नेऊन बघा, अंदाजावर सोडू नका. मागे उचललं की जमिनीपासून अंतर वाढतं आणि चिमट्याचा उतार वाढतो. हा उतार जुन्या गाडीत फार मोलाचा. पिव्हट उंच आणि एक्सल खाली असेल तर थ्रॉटल उघडल्यावर चेनची ओढ आणि टायरचा रेटा मागचा भाग बसू देत नाहीत. चिमटा सपाट झाला की वळणातून बाहेर पडताना मागचा भाग बसतो, पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी बाहेर ओढली जाते. या तक्रारीवर लोक फोर्कशी खेळत बसतात. माझ्या मते आधी मागची स्प्रिंग आणि शॉकअपची लांबी बघावी.

दोन शॉकअपच्या गाडीत शॉकअप 10 मिमी लांब घेतला तर मागचं टोक त्याहून थोडं जास्त उचललं जातं, कारण शॉकअप तिरका आणि एक्सलच्या पुढे असतो. अंदाज न करता स्प्रिंग काढून एक्सल दहा-दहा मिमी उचलत शॉकअपची लांबी लिहून घ्या. त्याच वेळी चेन बघा: गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत येतात तिथे ती सर्वांत ताणलेली असते, आणि ढील तिथेच मोजायची. स्टँडवर मोजून आवळलेली चेन धावताना शॉकअपला अडवते.

स्प्रिंगांचं थोडक्यात: रायडर बसल्यावर चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश भाग वापरला जावा; यालाच सॅग म्हणतात. एकदा गाडी वरून सोडून मोजा, एकदा खालून उचलून, आणि सरासरी घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे घर्षण. तो मोठा असेल तर फोर्क पुन्हा उघडा. जुन्या डॅम्पिंग रॉडच्या फोर्कमध्ये तेल भोकांतून ढकललं जातं, त्यामुळे विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ब्रेकवर फोर्क डुबकी मारतो आणि तीक्ष्ण खाचेवर दगडासारखा होतो. नुसतं जाड तेल घातलं तर दुसरा दोष वाढतो. वर्गाचे नियम परवानगी देत असतील तर कार्ट्रिज एम्युलेटर (तेलाचा विरोध ताब्यात ठेवणारी झडप) घाला. त्यासाठी रॉडची कॉम्प्रेशनची भोकं मोठी करावी लागतात, सहसा आठ मिमीची सहा. आणि एम्युलेटरच्या जाडीएवढा स्पेसर कापायला विसरू नका, नाहीतर सॅग बिघडतो.

बदल एका वेळी एकच. फोर्क 5 मिमी, शॉकअप 5 मिमी, याहून मोठी उडी नको. पाइपावर एक प्लॅस्टिकचा टाय अडकवा, म्हणजे किती हालचाल वापरली ते दिसेल. वहीत टायरची हवा, सॅग, फोर्कची उंची लिहा आणि दिवसाच्या शेवटी मूळ सेटिंगवर परत येऊन एकदा धावा. रायडरला फरक खरंच कळतोय की टायर गरम झाल्याने गाडी बदलली, हे त्यातूनच समजतं.

आणि एक गोष्ट हक्काने सांगतो: आजचे रेसिंग कंपाउंड त्या काळच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त पकड देतात. चासी तेवढ्या जोरासाठी काढलेली नाही. दर दोन-तीन रेसनंतर हेडजवळचे जोड, शॉकअपची वरची टोकं आणि पिव्हटभोवतीचा भाग स्वच्छ करून डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तडे तपासा. रंगाखालची बारीक रेघ म्हणजे रंग फुटला असं समजू नका.

डॅम्पर शेवटी लावा, सर्वांत कमी सेटिंगवर, आणि बसवल्यावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. हँडल अडायला हवं ते चासीवरच्या स्टॉपवर. डॅम्परचा रॉड त्याआधी संपत असेल तर ब्रॅकेट सरकवा, मगच गाडी बाहेर काढा.