आमची वाटचाल : खाल्लेल्या पानांची नर्सरी

सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणज्याजवळ, आमची छोटीशी नर्सरी आहे. सुरुवातीला आम्हीही चारचौघांसारखे गुलाब, जास्वंद, क्रोटन विकायचो. बराचसा माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकने यायचा. आम्ही तो उतरवून घ्यायचो, पाणी घालायचो आणि विकायचो.

एके दिवशी एक बाई कढीपत्त्याची कुंडी परत घेऊन आल्या. "ताई, अळ्या लागलेलं झाड दिलंत तुम्ही!" त्यांना दुसरं रोप दिलं आणि ते झाड मागच्या ओट्यावर ठेवलं. फवारणी करायला आमचे हे पंप घेऊन निघालेच होते, पण सासूबाईंनी अडवलं. "राहू दे, बघू तरी काय होतं."

बघत राहिलो. आधी ती अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसायची. मोठी झाल्यावर कात टाकून हिरवीगार झाली. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढायची आणि उग्र वास सोडायची. मग एक दिवस देठाला कोष दिसला, कमरेभोवती रेशमाचा दोरा बांधलेला. आठवड्याभरानंतर सकाळी पाणी घालायला गेले, तर रिकाम्या कोषाला लटकून एक लाइम बटरफ्लाय ओले पंख वाळवत होतं. त्या दिवसापासून आमचा धंदा बदलला.

लोक येतात आणि म्हणतात, "फुलपाखरं येतील अशी फुलं द्या." पेंटास, एक्झोरा, झिनिया, जमैकन स्पाइक ही फुलं देतोच आम्ही, पण त्यांवर फुलपाखरू मकरंद पिऊन निघून जातं. ते तुमच्याकडे राहायला हवं असेल तर त्याच्या पिल्लांना खायला पान लागतं, आणि प्रत्येकाचं पान ठरलेलं असतं. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मनला कढीपत्ता, लिंबू. कॉमन रोझला ईश्वरीची वेल. पिवळसर-पांढऱ्या एमिग्रंटला बहावा. पानफुटीवर रेड पिएरो येतं. त्याची अळी पानाच्या दोन सालींच्या मधे राहून आतला गर खाते. पान उजेडात धरलं की आत हलताना दिसते. लहान मुलांना मी हे मुद्दाम दाखवते.

प्लेन टायगरसाठी रुई लागते. ती मी विकत नाही. शनिवारी मारुतीला जिची पानं वाहतो, ती रस्त्याकडेला फुकट उगवते. कुंडीत हवं असेल तर त्याच फुलपाखरासाठी हळदीकुंकू नावाचं रोप न्या. घाणेरीही विकत नाही. फुलपाखरांना ती आवडते हे खरं, पण आपल्या डोंगरांवर तिने जो धुमाकूळ घातलाय तो पाहून मन होत नाही.

एक चूक मात्र मनाला लागून राहिली. एका घाऊक व्यापाऱ्याकडून कढीपत्त्याची शंभर रोपं घेतली होती. त्यातली चार एका शिक्षिकेने नेली. आठवड्याभरात तिचा फोन आला, सगळ्या अळ्या काळ्या पडून मेल्या. मुळांतून पानापानात भिनणारं औषध त्या रोपांना आधीच दिलेलं होतं, हे चौकशी केल्यावर कळलं. पैसे परत केले, पण तिचा रडवेला आवाज अजून आठवतो. तेव्हापासून कढीपत्ता आम्ही स्वतः बियांपासून करतो आणि विकायच्या कुठल्याच रोपाला औषध मारत नाही. त्यामुळे रोपं कमी तयार होतात, भाव थोडा जास्त पडतो.

२०१५ मध्ये ब्लू मॉर्मन, म्हणजे मराठीत नीलवंत, राज्याचं फुलपाखरू झालं, तेव्हापासून "नीलवंत येईल का?" हा प्रश्न फार येतो. आमच्या भागात पावसाळ्यात दिसतं, लिंबावर अंडीही घालतं. पण कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर येईलच, असं सांगून मी रोप विकणार नाही. तिथे कढीपत्ता लावा, पाच-सहा तास ऊन आणि वाऱ्याला आडोसा द्या. लाइम बटरफ्लाय येण्याची आशा धरायला हरकत नाही.

आता कुरतडलेली रोपं आम्ही मागे लपवत नाही, दारातच मांडतो. गेल्या रविवारी एक आजोबा आले, चष्मा वर करून एकेक पान उलटून पाहू लागले. एका पानाखाली राजगिऱ्याच्या दाण्याएवढं फिकट पिवळं अंडं होतं. म्हणाले, "हेच द्या." कुंडी मांडीवर धरून ते रिक्षात बसले.