एक दिवसाआडची गैरहजेरी

दिघ्याच्या बाजूला, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या एका शाळेत मी समुपदेशक म्हणून काम करते. (मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एका सोमवारी नववीच्या वर्गशिक्षिका एका मुलीला माझ्याकडे घेऊन आल्या. तिच्या पोटात वारंवार कळ येत असे, डॉक्टरांना तपासणीत काही आढळले नव्हते आणि ‘नाटकं करते’ असा निष्कर्ष शिक्षकांमध्ये जवळजवळ निघाला होता. या वयातील ताण पुष्कळदा पोटदुखी, डोकेदुखी किंवा चक्कर यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि ते दुखणे खरेच असते, हे मला दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

मी आधी हजेरीपट मागवला. तिची गैरहजेरी जवळपास एक दिवसाआड होती. कारण विचारल्यावर ती सहजपणे म्हणाली, “त्या दिवशी पाणी येतं, मॅडम.” आई कंपनीत पॅकिंगला जाते, वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, बारावीतल्या दादाचा क्लास असतो, त्यामुळे पिंपे भरण्याचे काम तिचे. ज्या दिवशी ती शाळेत येई, त्या दिवशी बुडालेल्या अभ्यासाचा जाब विचारला जाई आणि पोट दुखू लागे.

एवढ्यावर थांबले असते, तर मोठी चूक झाली असती. उकाड्यातही तिने स्वेटरच्या बाह्या तळहातापर्यंत ओढून धरल्या होत्या आणि कंपासपेटीतल्या शार्पनरला पाते नव्हते. मी सरळ विचारले, “जीव नकोसा वाटतो का?” असे विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको ते भरते, ही समजूत शिक्षकांतही आहे, प्रत्यक्षात असे थेट विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “रोज नाही.” पहाटे तीनला जाग येते, मग झोप लागत नाही, हेही तिने सांगितले. सर्व गोष्टी गुप्त राहतील, असे वचन मी कधीच देत नाही. जिवाला धोका असेल तर घरी सांगावे लागेल, हे तिला आधीच सांगितले होते, तरी आईला फोन लावताना तिच्याकडे पाहणे मला जड गेले.

आई अर्ध्या दिवसाचा खाडा करून आली. मानसोपचारतज्ज्ञ हा शब्द ऐकताच तिचा चेहरा उतरला. “मॅडम, ठाण्याला नका पाठवू.” ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे, आपल्या बोलण्यात ‘ठाण्याला पाठवा’ हे अजूनही हिणवण्यासाठीच येते, त्यामुळे तिची भीती मला समजली. “ताई, दाखल करायचं नाहीये,” मी म्हटले. महापालिकेच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी दिली, घरातली ब्लेड, औषधे आणि फिनाइल मुलीच्या हाती लागणार नाहीत असे ठेवायला सांगितले आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दोघींकडून फोनमध्ये भरून घेतला.

तपासणीचा वार आणि पाण्याचा दिवस एकच निघाला. आईने बोटांवर मोजून पाहिले.

“मग पाणी कोण भरणार?” तिने विचारले.

मुलगी मान खाली घालून स्वेटरची बाही चुरगाळत होती. आई तिच्या हाताकडे पाहत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “दादाला सांगते.”