दुसरा नंबर

रविवार, रात्री उशिरा

गरम पाण्यात हात बुडवून बसले तरी बोटांची टोकं अजून बधिर आहेत. दिवस चांगला गेला. राईडला गेलेल्या आमच्या दहाच्या दहा मोटारसायकली सुखरूप परतल्या, कुणी पडलं नाही, कुणी चुकलं नाही. आता पडल्या पडल्या झोप लागायला हवी होती, पण सकाळपासून एकच वाक्य डोक्यात घुमतंय.

"आज तू माझ्या मागे ये."

दादा, आमचा लीड, म्हणजे सगळ्यांत पुढे चालवणारा, एवढंच म्हणाला. हेल्मेटचा पट्टा लावता लावता, माझ्याकडे न बघता. मी "बरं" म्हटलं आणि गाडी दुसऱ्या नंबरला आणून लावली.

दुसरा नंबर कुणाचा असतो हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. जो नवा आहे, जो हळू चालवतो, ज्याची काळजी वाटते, त्याचा. पुढची गाडी वळणावर जराशी मंदावली की मागची जास्त मंदावते, तिच्या मागची त्याहून जास्त, आणि मग मधलं अंतर भरून काढायला शेवटच्या माणसाला सगळ्यांत जोरात पळावं लागतं. रबर ताणून सोडावं तसं ते अंतर मागे मागे वाढत जातं. म्हणून कच्च्या माणसाला लीडच्या लगेच मागे घ्यायचं, लीडने आरशात त्याला बघत आपला वेग ठरवायचा. हे मीच तर सांगत आले आहे, निघण्यापूर्वी सगळे गोलात उभे असताना. आणि ज्याला तिथे आणायचं त्याच्याजवळ जाऊन हळूच, त्याला कमीपणा वाटणार नाही अशा आवाजात म्हणायचं, "आज तू लीडच्या मागे ये."

अगदी तोच आवाज होता दादाचा आज.

इतकी वर्षं मी स्वीपला आहे. सगळ्यांच्या मागे. पुढचे लाल दिवे मोजत राहायचं, कुणी थांबला की त्याच्यापाशी थांबायचं, काही झालं तरी शेवटच्या गाडीला ओलांडायचं नाही. ती जागा मी मागून घेतली नव्हती. माझ्याआधी स्वीपला असलेल्या ताई थांबल्या तेव्हा स्वीपची बॅग माझ्याकडे आली, एवढंच. आज ती बॅग मी स्वीपला जाणाऱ्या, आमच्यातल्या धाकट्याच्या हातात दिली. पंक्चर किट, दोर, पट्ट्या, कात्री, सगळं तपासून. मागच्या सीटवर बांधताना त्याने पट्टा उलटा घातला होता, बक्कल आतल्या बाजूला. मला दिसलं, आणि मी बोलले नाही. याचं आता वाईट वाटतंय.

त्या पुलावरच्या प्रकारामुळे का? दादा त्यावर एका शब्दाने बोललेला नाही. की गुडघ्याचं त्याला कळलंय? मी तर कुणाला सांगितलेलं नाही, पण गाडी स्टँडवर चढवताना माणूस पाय कसा टाकतो हे त्याला दिसत असणारच. असो.

पहिला तासभर मी वाईट चालवली. हवा १० अंशांच्या आसपास होती, त्यात ८० च्या वेगाने गेलं की अंगाला ४ अंश असल्यासारखं झोंबतं, पण थंडीला काय दोष द्यायचा. माझं लक्षच रस्त्यावर नव्हतं. मी आरशात मागचे हेडलाइट मोजत होते. एक दिसायचा, कधी दोन. दहापैकी एकच दिवा नजरेत असणं मला सोसेना. हेल्मेटच्या काचेचं व्हायजर आतून धुरकट होत होतं, मी मिनिटामिनिटाला ते बोटभर उघडत होते, आणि डोळ्यांत पाणी येत होतं ते वाऱ्याने, असं मी स्वतःला सांगत होते. शेवटी दादा सरळ रस्त्यावर जरा मंदावला आणि डावा हात खाली करून तळवा दोनदा हलवला. सावकाश. माझं अंतर दोन सेकंदांचं राहिलेलं नव्हतं, मी त्याच्या चाकाला जवळजवळ चिकटले होते. नवी पोरं चिकटतात तशी.

मग झाडांचा लांबलचक पट्टा लागला. पानगळ संपत आलेली, पण सगळी पानं अजून रस्त्यावरच होती, रात्रीच्या दवाने भिजलेली. दादाने एक बोट वर केलं, सगळे एका रांगेत आले. तिथे सावलीत रस्ता दुपारपर्यंत वाळत नाही, आणि अशा थंडीत टायरही नीट गरम झालेले नसतात. ओल्या पानांवर ब्रेक दाबायचा नाही, गाडी झुकवायची नाही, वेग आधीच कमी करून सरळ उभ्या गाडीने निघून जायचं. मी श्वास रोखून बघत होते.

आणि तेव्हा एक गोष्ट दिसली. रस्ताभर पिवळी-तांबूस पानं जशी पडली तशीच होती, एकही हललेलं नाही, आणि मधून फक्त एक काळी ओली रेघ जात होती. दादाच्या चाकाची. मी त्याच रेघेवरून गेले.

असा रस्ता मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. स्वीपपर्यंत रस्ता पोचतो तेव्हा नऊ गाड्या त्यावरून गेलेल्या असतात. पानं कडेला उडालेली, मध्ये चिखलाचे पट्टे, ट्रॅक्टरने शेतातून आणलेली माती सगळीकडे पसरलेली. माझ्यासाठी पानगळीतला रस्ता म्हणजे तोच. दर वर्षी राईडहून आल्यावर सगळे पानांबद्दल भरभरून बोलायचे आणि मी मान डोलवायचे.

त्या पट्ट्याच्या शेवटी दादाने डावा पाय बाहेर काढून खाली दाखवलं, तिथे खडी होती. मीही पाय काढला, मागच्यासाठी. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

दुपारच्या थांब्यावर आठच गाड्या आल्या. धाकटा नाही, आणि आमच्यातली सगळ्यांत नवी मुलगी नाही. मी हेल्मेट काढलंच नाही. दादा म्हणाला, "तो आहे तिच्यापाशी." मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. गाडी परत वळवायची इतकी इच्छा झाली की चावी फिरवून झाली होती. मग दोन दिवे दिसले, एकामागे एक, तो मागे. तिची चेन सैल झाली होती. त्याने ती ताणून दिली आणि मग तिच्याच वेगाने तिच्या मागून आला, सूर्य समोर डोळ्यांवर असताना. मी शिकवलं होतं तसंच. बॅगेचा पट्टाही आता सुलटा होता.

"ताई, हळू आलो, चाललं ना?" त्याने विचारलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शब्द काही सुचले नाहीत.

मला अजून लागतंय. दादाने कारण सांगितलं असतं तर बरं झालं असतं, की त्याने जास्तच लागलं असतं, कुणास ठाऊक. मीही कधी कुणाला कारण सांगितलं नव्हतं. त्या सगळ्यांना घरी गेल्यावर असंच वाटलं असेल का, हे आज पहिल्यांदा मनात आलं. पण परतीला कललेल्या उन्हात मी आरशात मोजणं सोडून दिलं होतं, हे खरं. मागे तो होता.

जॅकेट वाळत टाकताना आतल्या खिशात बॅगेतला हेडलॅम्प सापडला. सकाळी तपासायला काढला तो माझ्याकडेच राहिला. दिवस आता फार लवकर मावळतो. उद्याच त्याच्याकडे पोचवायला हवा.