सोडत, रांग आणि खानदेशातला श्रोता

‘वन ओके रॉक’ या जपानी बँडच्या परदेश दौऱ्याच्या तारखा जाहीर झाल्या की भुसावळ-जळगावच्या आमच्या मित्रमंडळींत सर्वांत आधी मुंबईचे नाव शोधले जाते आणि ते सापडत नाही. २०२३ च्या आशिया दौऱ्यात सिंगापूर, जकार्ता, मनिला, बँकॉक ही शहरे होती. भारतातले एकही नव्हते. त्यानंतर बोलणे गाण्यांवरून तिकिटांवर घसरते आणि मग रात्री उशिरापर्यंत तिथेच राहते.

इकडे जपानी रॉक ऐकते कोण, असे पुण्या-मुंबईची मंडळीही विचारतात. ऐकणारे आहेत, आणि त्यांतले बहुतेक ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, वाटेने आले आहेत. २००५ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या या बँडचा गायक टाका जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत गातो, त्यामुळे नव्या श्रोत्याला धरायला काहीतरी हाती लागते. ॲनिमेच्या भारतीय चाहत्यांची संख्या दिसून आली ती २०१९ मध्ये. ॲनिमे दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचा नवा चित्रपट भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून त्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली आणि त्या ऑक्टोबरमध्ये तो खरोखरच आपल्या चित्रपटगृहांत लागला. त्याचे संगीत ‘रॅडविम्प्स’ या जपानी रॉक बँडचे होते. अर्थात चित्रपट आणणे आणि ध्वनियंत्रणा, प्रकाशयोजना, तंत्रज्ञ यांच्यासह आख्खा बँड आणणे यांच्या खर्चात फार अंतर आहे, हे आयोजकांच्या बाजूने मान्य करायला हवे.

माझा मुद्दा मात्र तिकिटे कशी वाटली जातात याबद्दल आहे. जपानमध्ये मोठ्या कार्यक्रमाची तिकिटे बहुधा सोडतीने दिली जातात. आधी बँडच्या फॅन क्लबमधील सदस्यांची सोडत निघते, नंतर पिया, ई-प्लस, लॉसन टिकेट यांसारख्या तिकीट कंपन्यांच्या सोडती होतात, आणि जे काही उरेल ते शेवटी सर्वसाधारण विक्रीला येते. अर्जाची मुदत काही दिवसांची असल्यामुळे पहिल्या मिनिटाला अर्ज करणारा आणि शेवटच्या रात्री कामावरून परतून अर्ज करणारा यांची संधी सारखीच राहते. पुष्कळ कार्यक्रमांत सर्व खुर्च्यांचा दरही एकच असतो आणि नेमकी जागा कोणती हे कार्यक्रम जवळ आल्यावरच कळते. याला कायद्याचाही आधार आहे: १४ जून २०१९ पासून तिथे ठरावीक अटींत बसणारी तिकिटे धंदा म्हणून छापील किमतीहून अधिक दराने विकणे हा गुन्हा असून, त्यासाठी एक वर्षापर्यंत तुरुंगवास, दहा लाख येनपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ही व्यवस्था बाहेरच्या माणसाला मात्र जवळजवळ बंद आहे. नोंदणी करताना अनेक ठिकाणी जपानी मोबाइल क्रमांकावरूनच खातरजमा होते आणि तिकीट घ्यायचे ते तिथल्या एखाद्या कॉन्व्हिनियन्स स्टोअरमधून. म्हणूनच आमच्यासारख्यांना परदेश दौऱ्याची आस लागते. पण बँड देशाबाहेर पडला की सोडत सहसा मागे राहते आणि तिच्या जागी ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम येतो.

हा नियम वरवर न्याय्य दिसतो. प्रत्यक्षात तो ज्याचे इंटरनेट वेगवान, ज्याचे कार्ड तयार आणि ज्याच्याकडे आपोआप तिकिटे ओढणारे सॉफ्टवेअर आहे, त्याच्या बाजूचा आहे. सिंगापूरची विक्री तिथल्या सकाळी दहाला उघडते, तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजलेले असतात. त्याच वेळी यावल-रावेरकडच्या एखाद्या गावात वीज गेली तर वर्षभराची वाट पाहणे तिथेच संपते. त्यात पैसे भरायला यूपीआय चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते आणि परदेशी व्यवहार स्वतः सुरू करून घ्यावे लागतात. रांगेत नंबर लागल्यावर हे कळणे फार महागात पडते.

रांगेचे काय होते ते आपण भारतातही पाहिले. २२ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची विक्री उघडली तेव्हा एक कोटीहून अधिक लोक ऑनलाइन रांगेत शिरले, आणि थोड्याच वेळात अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटे पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या भाषेत दिसू लागली. यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळताना न्यायालयाने नियम करणे हे कायदेमंडळाचे काम असल्याचे सांगितले. तैवानने मात्र २०२३ मध्ये कायदा दुरुस्त करून काळाबाजार करणाऱ्याला तिकिटाच्या किमतीच्या दहा ते पन्नास पट दंड ठेवला. आपल्या रेल्वेनेही तत्काळ तिकिटांसाठी जुलै २०२५ पासून आधार पडताळणी सक्तीची केली आणि पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत एजंटांना तत्काळ आरक्षण करण्यास मनाई केली. म्हणजे दलालाला अडवता येते. अडवायचे आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, जपानी बँडनी आपली सोडत दौऱ्यावर बरोबर न्यावी. सगळी नाही, निदान काही हिस्सा नावनिशीवार सोडतीने द्यावा आणि ज्याला जाणे जमणार नाही त्याला तिकीट मूळ किमतीतच परत करण्याची अधिकृत सोय ठेवावी. एकच माणूस पाच खाती काढून सोडतीतही गैरफायदा घेईल, हा आक्षेप खरा आहे. पण प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासले तर त्यातले बरेचसे थांबते. सोडतीत नंबर लागला नाही तर वाईट वाटते, फसवले गेल्यासारखे वाटत नाही.

पुनर्विक्रीचा पेच मागे असाच घरात आला होता. भाच्याला इन्स्टाग्रामवर कोणीतरी बँकॉकचे तिकीट देऊ केले. ‘मामा, पीडीएफ पाठवतो म्हणतोय, पण अर्धे पैसे आधी मागतोय,’ असे तो म्हणाला. मी त्याला स्पष्ट नको म्हटले. एकच पीडीएफ दहा जणांना विकता येते आणि दारावर पहिला स्कॅन झालेला आत जातो. बाकीच्यांसाठी विमानाचे भाडे तेवढे खरे असते.

बँकॉक हे ठिकाण मात्र आम्हाला सोयीचे आहे. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना साठ दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश खुला केला, तर सिंगापूरसाठी व्हिसा काढावा लागतो. जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून विमान, एवढा हिशेब जमतो. तिकीट हाती आल्याशिवाय विमानाचे आरक्षण करायचे नाही, आणि तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळवायचे, असे मी भाच्याला सांगून ठेवले आहे. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे नावही पहिल्या नावाच्याच रकान्यात छापलेले असते आणि परदेशी अर्जात ते नेमके गळते. त्याचा पासपोर्ट अजून पोलीस पडताळणीत आहे.